चिपळ्या कोणी केल्या?

कार्तिकीच्या वारीत मुक्कामावर जेवणे आटोपून आम्ही चारपाच जण बसलो होतो. दिंडीतील एका माळकऱ्याने मला विचारले, "माउली, तुम्ही घरी लाकूडकाम करता म्हणे. पोटासाठी न्हवं, हौसेनं. मग तेवढा येळ नामात का घालवत न्हाई?"

प्रश्न सरळ होता. त्यात खोच नव्हती, म्हणूनच तो लागला. खोचक प्रश्नाला खोचक उत्तर देऊन सुटता येते. सरळ प्रश्नातून सुटका नसते. त्या रात्री मी काहीतरी गुळमुळीत बोललो. पुढे कितीतरी दिवस तो प्रश्न रंध्याखालून निघणाऱ्या ढलप्यांबरोबर माझ्यासमोर येऊन पडत राहिला. आपल्या संप्रदायात असा छंद असलेले माझ्यासारखे आणखीही असतील. कोणी बाग करतो, कोणी मूर्ती रंगवतो, कोणी पेटीवर तासन् तास बोटे फिरवतो. म्हणून हा विचार वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

आधी माझी हकीकत सांगतो. शाळेत आम्हांला आठवड्यातून दोन तास सुतारकाम असे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी जी शिक्षणाची योजना मांडली, तिच्या मूळ उद्योगांत सूतकताई, शेती यांच्याबरोबर सुतारकामही होते. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्वीडन देशात ओटो सालोमन नावाच्या गृहस्थांनी मुलांना लाकूडकाम शिकवावे असा आग्रह धरला होता. मुलाला सुतार करावे हा त्यांचा हेतू नव्हता. हात, डोळा आणि मन एका ठिकाणी यावे एवढाच होता. आमच्या मास्तरांना हे ठाऊक होते की नाही कोण जाणे. ते एवढेच म्हणत, "गुण्या लावून बघ. तुझ्या म्हणण्यानं कोपरा काटकोनात येत नाही." नोकरीत ते सगळे विसरलो. निवृत्तीनंतर पुन्हा करवत हाती घेतली. पहिल्यांदा पाट केला, तो डुगडुगला. मग लाटणे. मग पोथी ठेवण्याचे घडीचे आसन. हे एकाच फळीतून, मध्ये एकमेकांत अडकणारी बोटे कापून करतात. त्याला खिळा लागत नाही, सरस लागत नाही. तीन फळ्या फुकट गेल्यावर चौथी साधली. त्यावर आमच्या घरची ज्ञानेश्वरी ठेवली तेव्हा डोळे भरून आले, हे खोटे कशाला सांगू?

आता मूळ शंकेकडे वळू. कर्माचे प्रकार आपण ऐकलेले आहेत : नित्य, नैमित्तिक, काम्य, निषिद्ध. आपले विहित कर्म निष्ठेने करणे हीच ईश्वराची पूजा, हे ज्ञानोबारायांनी अठराव्या अध्यायात किती गोडीने समजावले आहे. परंतु छंद यांपैकी कोठे बसतो? तो नित्य नाही, कारण न केल्याने दोष लागत नाही. नैमित्तिक नाही, कारण त्याला निमित्तच नाही. काम्य म्हणावे तर त्यातून काही मिळवायचे नसते. आणि निषिद्ध म्हणावे असे त्यात काही दिसत नाही. चारही घरांतून तो बाहेर राहतो.

येथे कोणी म्हणेल, अहो, गोरोबाकाका मडकी घडवीत होते, नरहरी सोनार दागिने करीत होते, सावतोबा मळा पिकवीत होते, नामदेवराय शिंप्याच्या घरचे. हाताने काम करणे ही तर संतांचीच वाट आहे. मीही प्रथम हेच उत्तर मनाशी जुळवले होते. पण ते टिकत नाही. गोरोबांचे चाक त्यांच्या घरची चूल पेटवीत होते. नरहरींच्या हातोडीवर त्यांचा संसार चालत होता. ते काम त्यांच्या वाट्याला आले होते आणि त्यांनी ते देवाला दिले. मला पेन्शन मिळते. माझ्या वाट्याला सुतारकाम आलेले नाही. मी ते हौसेने ओढून घेतले आहे. तेव्हा गोरोबाकाकांच्या आड लपणे बरे नव्हे.

उलट, त्यांच्याच चरित्राने माझी फजिती केली. गोरोबाकाका चिखल तुडवताना नामात इतके रंगले की पायाखाली पोटचे मूल आले तरी कळले नाही, ही कथा लहानथोरांना माहीत आहे. माझ्या बाबतीत नेमके उलटे घडत होते. मी लाकडात रंगलो होतो आणि पायाखाली नाम तुडवले जात होते. संध्याकाळी हरिपाठाची वेळ होई, आणि मी म्हणे, एवढी कड घासून झाली की येतो. एक दिवस आमच्या घरातून आवाज आला, "अहो, हरिपाठ त्या करवतीलाच म्हणायला सांगताय काय?" हातातला काचकागद तसाच राहिला.

एवढ्यावर निभावले असते. वेळेचा प्रश्न वेळेने सुटतो. मी कामाची वेळ सकाळची ठरवली आणि संध्याकाळ मोकळी केली. पण वेळ हा वरवरचा रोग होता. खरा रोग पुढे उघडा पडला.

चिपळ्या कराव्यात असे मनात आले. तुकोबारायांच्या तसबिरीत आपण पाहतो त्या चिपळ्या. पहिली जोडी बाभळीची केली. शेजारच्या गावी ज्येष्ठात बाभळीची फांदी तोडली, ती मागून आणली. लाकूड चांगले जड, घट्ट. आठ दिवसांत चिपळ्या तयार. वाजवल्या तर आवाज बद्द, ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा. कार्तिकापर्यंत त्या इतक्या वाकल्या की दोन्ही सपाट अंगे जुळवून उजेडाकडे धरली तर मधून फट दिसे. लाकूड सुकताना लांबीत फारसे कमी होत नाही, पण रुंदीत आक्रसते, आणि एका अंगाने जास्त आक्रसले की फळी वाकते. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत सुकायला साधारण एक वर्ष द्यावे असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. मी आठवडाही दिला नव्हता.

दुसऱ्या जोडीचे लाकूड महापुराने दिले. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने प्रयाग चिखली, आंबेवाडी या गावांत काय केले ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. चिखलीत आमच्या एका नातेवाइकांचे जुने घर बसले. मातीच्या भिंती विरघळल्या; सागवानी तुळया तेवढ्या चिखलात आडव्या पडल्या. घरमालकांनी त्यांतील एक मोडकी तुळई मला दिली. वर पाणी चढलेले, पण आत लाकूड पिढ्यान्‌पिढ्या सुकलेले. पुन्हा वर्षभर सावलीत ठेवले, मग चिरले. दोन ठिकाणी जुने चौकोनी खिळे निघाले आणि एका पटाशीचे तोंड मोडले. सागवानात वाळूसारखा बारीक अंश असतो, त्याने हत्याराची धार लवकर जाते. दर अर्ध्या तासाने दगडावर बसावे लागे. पण चिपळ्या अशा उतरल्या की एकमेकींवर आपटताच खणकन् वाजत, आणि पितळी चकत्यांची झिनझिन मागून येई.

त्या मी आमच्या पेठेतील भजनी मंडळाला दिल्या. एकादशीच्या जागराला चाल म्हणणाऱ्या बुवांनी त्या हाती घेतल्या. मृदंग लागला, टाळ धरले गेले, भजन रंगात आले. आणि मी, पन्नास वर्षांचा माळकरी, भजन ऐकत नव्हतो. मी चिपळ्या ऐकत होतो. टाळांच्या गजरात आपला आवाज उठून येतो की नाही, डावीची चकती सैल तर झाली नाही ना, शेजारच्यांच्या लक्षात आले का, हेच कान टिपत होते. अभंग कोणता झाला ते मला दुसऱ्या दिवशी आठवेना. बुवांनी चिपळ्या खाली ठेवून टाळ घेतला तेव्हा मला राग आला. देवाच्या दारात, एकादशीच्या रात्री, राग! कशाचा? तर माझ्या लाकडाच्या दोन तुकड्यांना विश्रांती मिळाली याचा.

घरी आलो आणि हत्यारे पेटीत घालून कुलूप लावले. तीन महिने उघडले नाही. लोकांनी विचारले की मी सांगे, "सोडलं सगळं." हे सांगतानाही एक गोडी वाटे. ती गोडी ओळखायला मला तीन महिने लागले. आधी 'मी केले' होते, आता 'मी सोडले' झाले. मालक तोच, फक्त दुकानाची पाटी बदलली.

गीतेने त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत : मोहाने टाकणे तामस, कष्टाच्या भयाने टाकणे राजस, आणि कर्म करीत असता आसक्ती व फळ टाकणे सात्त्विक. हा दाखला माझ्या बाजूने ओढण्याचा मोह मला झाला, परंतु प्रामाणिकपणे सांगायचे तर तेथे भगवंत नियत कर्माविषयी बोलतात, छंदाविषयी नव्हे. माझ्या उपयोगी पडला तो त्याच अध्यायातील दुसरा विचार. कोणत्याही कर्माची कारणे पाच : अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, नाना प्रकारची साधने, वेगवेगळ्या हालचाली, आणि पाचवे दैव. असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसतच नाही. हे कीर्तनात कितीदा ऐकले होते! पण ऐकणे आणि हिशेब मांडणे यांत फरक आहे. मी चिपळ्यांचा हिशेब मांडायला बसलो.

लाकूड कोणाचे? तुळईजोगा साग व्हायला साठसत्तर वर्षे लागतात. तो कोणी लावला नसावा. रानात आपोआप आला असावा. तोडला कोणी, बैलगाडीत घालून आणला कोणी, घरावर चढवला कोणी, त्यांची नावे घरमालकांनाही ठाऊक नाहीत. तीन पिढ्यांचा धूर, ऊब, माणसांचा वावर यांनी ते सुकवले. पुराने घर पाडले म्हणून ते माझ्यापर्यंत आले. एका घराच्या दुःखातून माझी हौस निघाली, हे तर मी विसरूनच गेलो होतो. साधने कोणाची? 'करणे' म्हणजे मूळ अर्थी इंद्रिये, पण पटाशीही मी त्यांतच धरतो. ती गल्लीतील मिस्त्रींनी दिलेली. धार लावायला त्यांनीच शिकवली. हातांना वळण लावले शाळेतील मास्तरांनी. चकत्या कासाराच्या. आणि आवाज? दोन चिपळ्यांमध्ये जो नाद उठतो तो कोणी केला? तेवढा भाग तर कोणीच केलेला नाही. एवढे सगळे वजा करता माझ्याकडे काय उरले ते पाहू गेलो, तर आठ दिवसांची हौस आणि एक मोडलेली पटाशी.

हा हिशेब मनाला पटला. पण पटलेले वागण्यात उतरले की नाही याची परीक्षा मन स्वतः घेत नाही. ती दुसऱ्याच्या दारात होते. माझी मिस्त्रींच्या दारात झाली.

कुलूप उघडल्यावर मी पुन्हा कामाला लागलो होतो. आता अहंकार नाही, सेवा आहे, या भावनेने चिपळ्या करून फुकट वाटू लागलो. वर्षभरात नऊ जोड्या दिल्या. आमचे मिस्त्री दारे-खिडक्या करतात. आषाढीच्या आधी महिनाभर मात्र चिपळ्या, पाट, चौरंग करून विकतात. एकदा धार लावायला गेलो असता ते काम न थांबवता म्हणाले, "काका, एक बोलू काय? राग मानू नका. तुमाला ह्यात सुख लागतंय. मला ह्यात पोरांची फी भरायची असती. औंदा चिपळ्यांचं गिऱ्हाईकच आलं न्हाई."

मी उभाच राहिलो. ज्याने मला हत्यार दिले त्याच्याच ताटातला घास मी सेवा म्हणून वाटत होतो. फुकट दिल्याचे पुण्य माझ्या नावावर जमा होत होते, आणि खर्च त्यांच्या खात्यावर पडत होता. हौसेच्या माणसाला हे दिसत नाही, कारण त्याला कशाचीच किंमत मोजावी लागत नाही. त्याचा दिवस मोकळा, लाकूड आयते, घाई नाही, गिऱ्हाईक नाही. एका जोडीला तो आठ दिवस घालवू शकतो. मिस्त्रींनी आठ दिवस घालवले तर घर उपाशी राहील. आणि मग आपणच म्हणतो, पाहा, हौसेच्या कामाला कशी सफाई असते! सफाई सवडीची असते, हे कोण ध्यानात घेतो?

यावरून एक जुनी गोष्ट उमगली. मध्यंतरी मी तुळशीची माळ स्वतः करून पाहिली होती. अंगणातील वाळलेल्या तुळशीचे खोड घेतले, तुकडे पाडले, मणी घासले आणि छिद्र पाडू लागलो. तुळशीची काडी ती केवढी! निम्मे मणी चिरले. एकशे आठ मण्यांसाठी किती खोडे संपली ते सांगायची लाज वाटते; शेवटी माळ अर्धीच राहिली. पंढरपुरात काशीकापडी समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. त्यांच्या पुढ्यात बसून, चंद्रभागेत स्नान करून आलेला मी, दहावीस रुपयांसाठी घासाघीस केलेली आहे. विठ्ठलाच्या नावाने गळ्यात घालायची वस्तू, आणि ती करणाऱ्याचे बोट किती वेळा कापले असेल याचा विचार मनात आला नाही. स्वतःचे मणी फुटल्यावर आला. त्यानंतर माळेचा भाव मी केला नाही. माझ्या छंदाने मला दिलेली निर्विवाद चांगली गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर मी हीच सांगेन; पोथीचे आसन दुसरे.

मिरजेला गेलो तर तेथे वीणा, तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांसमोर आता मी उगाच थांबतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद झाला. त्या वाद्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या रानांतून येतात. आपण दिंडीत ज्या वीणेच्या पाया पडतो तिच्यात भीमाकाठचा शेतकरी आहे, मिरजेचा कारागीर आहे. वीणेवर आपण बुक्का लावतो, पण त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. त्यांनाही बहुधा आपली नसतात. नाद मात्र लागतो.

तर मिस्त्रींचे ऐकल्यावर मी काय केले? फार मोठे काही नाही. चिपळ्या फुकट देणे बंद केले. कोणी मागितल्या की मिस्त्रींकडे पाठवतो. चिखलीच्या तुळईचे उरलेले लाकूड त्यांच्याकडे नेऊन टाकले. ते घ्यायला तयार नव्हते; म्हणाले, "हौसेचं लाकूड हाय तुमचं, ठेवा." मी म्हटले, चिखलीचे आहे, माझे नव्हे. त्यांतून त्यांनी केलेली पहिली जोडी मी विकत घेतली आणि चिखलीला, ज्यांचे घर पडले त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती कपाळाला लावली, मग उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "ही माजघराची काय?" कोणत्या खोलीची तुळई होती ते मला सांगता आले नाही. त्यांनी वास घेतला आणि स्वतःच मान डोलावली.

मी घरी अजून काम करतो. पाट, लाटणी, नातवंडांसाठी गाडी. ज्याला बाजारात भाव नाही आणि ज्याने कोणाचे गिऱ्हाईक जात नाही असे. सकाळी करतो. कधी हात चालू असताना नाम आपोआप चालते, कधी चालत नाही; रंधा लाकडाच्या रेषेविरुद्ध गेला आणि लाकूड उपटले की हमखास थांबते. त्या माळकऱ्याला मी या कार्तिकीला एवढेच सांगणार आहे की तुमचा प्रश्न बरोबर होता, पण तुम्ही वेळेविषयी विचारलेत आणि रोग दुसरीकडे निघाला. तेवढ्याने त्यांचे समाधान होईल असे मला वाटत नाही. ते म्हणतील, सोडलेच असते तर मिस्त्रींचेही भले झाले असते आणि नामाचेही. याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. सोडून पाहिले, तेव्हा काय झाले ते वर सांगितलेच आहे.

गेल्या आषाढीला कोल्हापूरहून नंदवाळला निघालेल्या दिंडीबरोबर चालत होतो. पाऊस होता. पुईखडीला रिंगण झाले, मग पुन्हा चाल धरली. पुढे चिपळ्यांच्या पाचसहा जोड्या वाजत होत्या. मिस्त्रींच्या तीनचार, माझ्या जुन्यांपैकी एक दोन. मी कान दिला. कोणती कोणाची ते ओळखू आले नाही. क्षणभर फार बरे वाटले. मग लक्षात आले, पावसाने सगळीच लाकडे भिजून आवाज सारखा झाला असावा.